सागवानी युद्धनौका पाहायला जाताना

वाचकांचे प्रश्न

जुन्या लाकडी युद्धनौकांच्या संग्रहालयांविषयी अलीकडे आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. चारही पत्रे कोकण किनाऱ्यावरून आली आहेत. त्यांतील पहिल्या पत्राने मला इतका आनंद दिला की त्याचे उत्तर थोडे लांबले आहे, त्याबद्दल इतर पत्रलेखकांनी राग मानू नये.

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडमध्ये न्यूकॅसल येथे नोकरी करते. येत्या मे महिन्यात आम्ही दोघे तिच्याकडे जाणार आहोत आणि सोबत माझे सासरे येणार आहेत. त्यांचे वय ७४ आहे आणि त्यांनी उभे आयुष्य आमच्या खाडीत होड्या व मचवे बांधण्यात घालवले. तिथून जवळच हार्टलपूल नावाच्या गावी मुंबईत बांधलेली एक जुनी युद्धनौका जपून ठेवली आहे, असे मुलगी सांगते. हे खरे आहे का? आणि सासऱ्यांनी पाहावे असे तिथे काही आहे, की नुसत्या तोफा आणि गणवेश चढवलेले पुतळे? (एक वाचक भगिनी, तालुका देवगड)

उत्तर : मुलीचे म्हणणे अगदी खरे आहे. त्या नौकेचे नाव ‘ट्रिंकोमाली’. श्रीलंकेतील बंदरावरून ते दिले गेले. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली ती बांधली गेली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. वाडिया घराण्याचे मूळपुरुष लवजी नसरवानजी हे १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी इंग्रजांच्या आरमारासाठी जी जहाजे बांधली, त्यांपैकी आज पाण्यावर तरंगत असलेली ही नौका आहे. ब्रिटनमध्ये आजही तरंगणाऱ्या युद्धनौकांत तिच्याहून जुनी दुसरी नाही. नेपोलियनशी चाललेल्या दीर्घ युद्धांत इंग्लंडमधील ओकचे लाकूड अपुरे पडू लागले होते, म्हणून मलबारी सागाची ही नौका मुंबईत बांधून घेण्यात आली. ते सागाचे ओंडके समुद्रमार्गे मुंबईला जाताना आपल्याच देवगड-मालवणच्या किनाऱ्यासमोरून गेले असणार. सासऱ्यांना नौकेवर चढण्यापूर्वी एवढे जरूर सांगा, म्हणजे त्यांची नजर आपोआप लाकडाकडे जाईल.

तिच्या बांधणीची हकिगतही ऐकण्यासारखी आहे. या नौकेचे मूळ आराखडे ‘जावा’ नावाच्या जहाजातून मुंबईकडे पाठवले होते, पण १८१२ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या युद्धनौकेने ‘जावा’ला ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ गाठून निकामी केले आणि आराखडे मुंबईला पोहोचलेच नाहीत. ते पुन्हा पाठवावे लागले. पुढे बांधणी सुरू झाली, तेव्हा पारशी रिवाजाप्रमाणे पठाणात, म्हणजे नौकेच्या तळाच्या कण्यात, चांदीचा खिळा ठोकण्यात आला. आपल्याकडे नव्या होडीचे पठाण बसवताना मेस्त्री नारळ फोडतात, हळदकुंकू वाहतात. आपल्या सासऱ्यांनी असे किती नारळ फोडले असतील! चांदीच्या खिळ्याची गोष्ट त्यांना कोणी समजावून सांगावी लागणार नाही.

आता काय पाहावे ते सांगतो. मी तिथे गेलो तेव्हा पहिली चूक केली ती अशी की, धक्क्यावर पोहोचताच घाईघाईने नौकेवर चढलो. तसे करू नये. आधी धक्क्यावरूनच तिला पुढून आणि मागून नीट पाहावे. नाळेखाली, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाखाली, फेटा बांधलेल्या पुरुषाची कोरीव मूर्ती आहे, तिथे थोडा वेळ थांबावे. मग तिच्या पोटाचा घेर डोळ्यांत भरून घ्यावा. पाण्याच्या रेषेपाशी नौका सर्वांत रुंद असून वर जाताना ती आत वळते, हा वळसा प्रत्येक वाकाच्या, म्हणजे नौकेच्या फासळीच्या, आकारातून येतो. एकेका वाकासाठी झाडाचा नैसर्गिक वळणाचा फाटा निवडायचा, म्हणजे लाकडाची शीर तुटत नाही, हे ज्याने रानात जाऊन वाकडे फाटे शोधले आहेत त्यालाच कळते. आपले सासरे त्यासाठी नक्कीच रान हिंडले असतील.

वर चढल्यावर पायाखालच्या फळ्यांच्या सांध्यांकडे पाहावे. युरोपी पद्धतीत या सांध्यांत जुन्या दोरखंडांचे पिंजलेले तंतू ठोकून भरतात आणि वरून गरम डामर ओततात. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत फळीच्या कडेला खोबण पाडून दुसरी फळी तीत बसवत आणि मध्ये तेल-राळेत भिजवलेला कापूस दाबत, म्हणून मुंबई-सुरतेच्या जहाजांच्या घट्टपणाचे कौतुक परदेशी प्रवाशांनीही लिहून ठेवले आहे. सासऱ्यांना तो डामराचा काळा पट्टा बोटाने दाखवा आणि तुम्ही काय भरत होता असे विचारा. पुढचा अर्धा तास संग्रहालयाच्या मार्गदर्शकाची गरज भासणार नाही.

साग आणि लोखंड यांचा संबंध हीदेखील तिथे प्रत्यक्ष पाहण्याची गोष्ट आहे. ओकच्या लाकडात एक प्रकारचे आम्ल असते आणि त्यामुळे त्यात ठोकलेले लोखंडी खिळे व बोल्ट काही वर्षांत गंजून सैल होतात. सागात नैसर्गिक तेल असल्यामुळे लोखंड टिकते आणि लाकूडही कुजत नाही. ही नौका दोनशे वर्षे ओलांडून उभी राहिली, तिच्या मूळ लाकडाचा मोठा भाग आजही तिच्या अंगावर आहे, याचे मुख्य कारण हा साग आहे असे मला वाटते. इंग्रज खलाशांमध्ये मात्र असा समज होता की तोफगोळ्याने उडालेली सागाची शिलप अंगात घुसली तर जखम चिघळते, आणि म्हणून काही जण सागवानी जहाजांना नाराजीनेच स्वीकारत.

खालच्या मजल्यावर खलाशी राहत. तिथले छत इतके खाली आहे की मध्यम उंचीच्या माणसालाही तुळया चुकवत वाकून चालावे लागते. तिथेच जेवणाची टेबले आणि तिथेच रात्री टांगायचे झोळे. इंग्रज आरमाराच्या नियमाप्रमाणे एका खलाशाच्या झोळ्याला १४ इंच रुंदीची जागा मिळत असे. अर्थात अर्धे खलाशी पहाऱ्यावर असल्यामुळे प्रत्यक्षात थोडी जास्त मिळे. डोके सांभाळून चाला, हे सासऱ्यांना सांगाच. मचव्याच्या पोटात काम केलेल्या माणसाला वाकण्याची सवय असते, पण ७४ व्या वर्षी पाठ सवय विसरते.

आता व्यवहाराच्या गोष्टी. न्यूकॅसलहून हार्टलपूलला आगगाडीने सुमारे तासाभरात पोहोचता येते आणि स्थानकापासून संग्रहालय फार दूर नाही. नौकेवरचे जिने उभे व अरुंद असतात, म्हणून खाली उतरताना तोंड जिन्याकडे आणि पाठ मोकळ्या बाजूला ठेवून, दोन्ही हातांनी कठडा धरून, शिडी उतरतात तसे उतरावे. सासऱ्यांच्या गुडघ्यांचा त्रास असेल तर निघण्यापूर्वी मुलीला संग्रहालयाशी संपर्क साधायला सांगा आणि कोणत्या मजल्यापर्यंत जिन्याशिवाय जाता येते ते विचारून घ्या. मे महिना असला तरी उत्तर समुद्राचा वारा बोचरा असतो, तेव्हा स्वेटर आणि कानटोपी बरोबर असू द्या. आणि एक विनंती. दिवसभरात एवढे एकच ठिकाण ठेवा. नौकेवरून उतरून पुन्हा एकदा धक्क्यावर बसून तिला पाहायला वेळ उरला पाहिजे.

प्रश्न : ब्रिटिशांची प्रसिद्ध ‘व्हिक्टरी’ ही नौका इतक्या वेळा दुरुस्त झाली आहे की तिच्यातले बहुतेक लाकूड बदलले गेले, असे वाचनात आले. मग जी नौका पाहायला लोक पैसे मोजतात ती खरी जुनी नौका आहे असे कसे म्हणायचे? पुनर्स्थापना केलेल्या नौकेला आपण ऐतिहासिक का मानावे? (एक महाविद्यालयीन शिक्षक, रत्नागिरी)

उत्तर : आपला प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर सर्व नौकांसाठी एकच देता येणार नाही. ‘व्हिक्टरी’चे पठाण १७५९ मध्ये घातले गेले आणि ती १७६५ मध्ये पाण्यात उतरली. १८०५ मध्ये ट्रॅफल्गरच्या लढाईत इंग्रज आरमाराचा सेनानी नेल्सन तिच्यावरच मारला गेला. पण त्या लढाईच्या आधी, १८०० ते १८०३ या काळात, तिची मोठी दुरुस्ती झाली होती आणि तिचे रूप बरेच पालटले होते. म्हणजे ज्या नौकेवर नेल्सन उभा होता तीदेखील १७६५ ची मूळ नौका जशीच्या तशी नव्हती. लाकडी जहाजाच्या बाबतीत दुरुस्ती ही त्याच्या आयुष्याचाच भाग असते, आयुष्य संपल्यावर केलेली डागडुजी नव्हे. आपल्या कौलारू घराचे उदाहरण घ्या. दरवर्षी पावसापूर्वी आपण कौले परततो, कुजलेल्या रिपा बदलतो, दहा-पंधरा वर्षांनी दोन वासे नवे घालतो, आजोबांच्या वेळचा खांब वाळवीने खाल्ला तर नवा उभा करतो, आणि तरीही ते घर आजोबांचेच राहते. घर शंभर वर्षे न शाकारता ठेवले असते तर ते जुने राहिले नसते, पडले असते.

तरीही आपल्या शंकेतला गाभा मी टाळत नाही. दुरुस्ती आणि बनावट यांत फरक असतो आणि तो नोंदींवर अवलंबून असतो. कोणता तुकडा केव्हा बदलला, कोणत्या लाकडाने बदलला, जुना तुकडा कुठे ठेवला, हे जिथे लिहून ठेवले जाते तिथे नौकेचा इतिहास अखंड राहतो. जिथे नवे लाकूड जुन्यासारखे रंगवून गप्प बसतात तिथे मात्र वाचकाने सावध राहिलेले बरे. ‘व्हिक्टरी’ १९२२ पासून पोर्ट्स्मथ येथे कोरड्या गोदीत उभी आहे आणि तिथेच तिच्यावर आता कित्येक वर्षे चालणारे मोठे काम सुरू आहे. बाहेरच्या फळ्या उतरवून आतले वाक तपासले जात आहेत, कारण बुरशी आणि लाकूड पोखरणारा भुंगा या दोघांनी तिला आतून पोकळ करायला घेतले होते. पाणी आत मुरत होते ते पावसाचे. हे कोकणातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. समुद्राचे खारे पाणी होडीचे लाकूड कुजवत नाही, वरून पडणारे गोडे पाणी ते कुजवते. म्हणूनच आपले मच्छीमार ज्येष्ठ लागताच होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. पोर्ट्स्मथला सध्या ‘व्हिक्टरी’भोवती जी मोठी आच्छादने उभारली आहेत, ती आपल्या झापांच्या शाकारणीचीच मोठी भावंडे आहेत. काम सुरू असताना तिथे जाऊ नये असे अनेकांना वाटते. माझे मत नेमके उलट आहे. नौकेचे पोट एरवी कधीच उघडे दिसत नाही, ते आताच पाहून घ्यावे.

अमेरिकेत बॉस्टनला असलेली ‘कॉन्स्टिट्यूशन’ १७९७ मध्ये पाण्यात उतरली. ‘जावा’ला निकामी करणारी ती हीच. तिच्या दुरुस्तीसाठी लागणारा पांढरा ओक मिळावा म्हणून अमेरिकी नौदलाने इंडियाना राज्यातील आपल्या जागेत ओकचे रान राखून ठेवले आहे. पुढच्या शंभर वर्षांतल्या दुरुस्तीचे लाकूड आज उभे आहे, ही व्यवस्था मला कोणत्याही तोफेपेक्षा जास्त मोलाची वाटते.

याच्या दुसऱ्या टोकाला स्वीडनमधील ‘वासा’ आहे. १० ऑगस्ट १६२८ रोजी स्टॉकहोमच्या बंदरातून निघालेली ही ६४ तोफांची नौका पहिल्याच प्रवासात, धक्क्यापासून फार दूर न जाता, वाऱ्याच्या झोताने कलंडून बुडाली. वरचा भाग जड आणि तळाचे वजन अपुरे, हे कारण. १९६१ मध्ये ती वर काढली गेली. बाल्टिक समुद्राचे पाणी कमी खारट असल्यामुळे लाकडात बिळे करणारा समुद्री किडा तिथे जगत नाही, म्हणून ३३३ वर्षांनंतरही तिचे लाकूड जवळजवळ सगळे शिल्लक होते. पाणी शोषलेले ते लाकूड सुकताना चिरू नये म्हणून त्यावर सतरा वर्षे मेणासारख्या रसायनाचा फवारा मारत राहावे लागले. अशा नौकेत लाकूड मूळचेच असते, पण ती पुन्हा कधी पाण्यात उतरणार नाही आणि तिच्यावर आपल्याला चढताही येत नाही, भोवतीच्या सज्ज्यांवरून पाहावे लागते. ‘वासा’ ही एका दिवशी थांबलेली नौका आहे आणि ‘ट्रिंकोमाली’ ही सतत वापरात राहिलेली. १८९७ मध्ये ती मोडीत निघण्याच्या बेतात असताना विकत घेतली गेली, तिचे नाव बदलून ‘फुद्र्वाय्याँ’ ठेवले गेले आणि पुढे १९८६ पर्यंत ती मुलामुलींना समुद्राचे शिक्षण देण्याच्या कामी आली. हार्टलपूलला नेल्यावर १९९० ते २००१ अशी अकरा वर्षे तिच्या पुनर्स्थापनेचे काम चालले आणि तिला तिचे जुने नावही परत मिळाले. या दोन प्रकारच्या नौकांकडून दोन वेगळ्या गोष्टी शिकायच्या असतात. विद्यार्थ्यांना नेणार असाल, तर त्यांना हाच प्रश्न घेऊन पाठवा आणि प्रत्येकाला कोणता तुकडा नवा व कोणता जुना हे स्वतः ओळखायला लावा. जुन्या लाकडावर वाकसाने, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराने, तासलेले उथळ खड्डे हाताला लागतात, यंत्राने कापलेले लाकूड सपाट लागते. जिथे हात लावायची परवानगी असेल तिथे डोळे मिटून हात फिरवून पाहावा.

प्रश्न : नऊ वर्षांच्या मुलाला अशा संग्रहालयात नेले तर तो कंटाळेल का? (एक वाचक, श्रीवर्धन)

उत्तर : सगळे दाखवू गेलात तर कंटाळेल. निघण्याआधी घरीच त्याच्याबरोबर जमिनीवर १४ इंचांची खडूची रेघ आखून त्या जागेत झोपायचा प्रयत्न करायला लावा. त्या काळी जहाजांवर त्याच्याहून थोडीच मोठी मुले तोफांपर्यंत दारूच्या पिशव्या धावत पोहोचवत, हे त्याला सांगा आणि दारूच्या कोठारापासून तोफेपर्यंतचा रस्ता नौकेवर त्याला स्वतः शोधू द्या. एवढे पुरे आहे.

प्रश्न : इंग्रजांच्या, स्वीडिशांच्या, अमेरिकनांच्या लाकडी युद्धनौका आज पाहायला मिळतात. छत्रपती शिवाजी महाराजांनी उभारलेल्या आणि कान्होजी आंग्र्यांनी वाढवलेल्या आरमाराची एकही नौका का उरली नाही? आपल्या आरमाराचे काही पाहायचे असेल तर कोकणात कुठे जावे? (एक वाचक, हर्णे)

उत्तर : हर्णेच्या वाचकाने हा प्रश्न विचारावा हे स्वाभाविकच आहे, कारण सुवर्णदुर्ग त्यांच्या दारात उभा आहे. उत्तराचा पहिला भाग दुःखाचा आहे. १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रज आरमाराने वॉटसनच्या नेतृत्वाखाली समुद्राकडून आणि पेशव्यांच्या सैन्याने जमिनीकडून विजयदुर्गावर हल्ला केला. कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांचे आरमार तटाखाली एकमेकांना खेटून नांगरलेले होते. तोफगोळ्यांमुळे आधी एका जहाजाने पेट घेतला. ते जहाज पूर्वी इंग्रजांकडूनच जिंकून आणलेले होते. आग एका नौकेवरून दुसरीवर पसरत गेली आणि आंग्र्यांचे बहुतेक सर्व आरमार काही तासांत जळून गेले. एका मराठी सत्तेने दुसऱ्या मराठी सत्तेचे आरमार जाळण्यास परक्यांना साहाय्य केले, ही गोष्ट मला आजही स्वस्थ बसू देत नाही. विजयदुर्गाच्या तटावर उभे राहून खाडीकडे पाहताना ती आठवल्याशिवाय राहत नाही.

पण आग लागली नसती तरी त्या नौका आज दिसल्या असत्या असे नाही. आपल्या उबदार, खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा किडा सतत वाढतो. त्यापासून बचावासाठी युरोपी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकत. आपल्याकडे चुना आणि तेल यांचा लेप देत, माशाचे तेल चोळत, उंडीचे तेल लावत आणि होडी वरचेवर किनाऱ्यावर ओढून तळ तासून काढत. हे काम थांबले की जहाज दोन-तीन पावसाळ्यांत संपते. शिवाय जुन्या जहाजाचे लाकूड आपण कधी वाया घालवले नाही. मोडलेल्या जहाजाच्या तुळया घरांना लागल्या, फळ्यांचे दरवाजे झाले. एखाद्या जुन्या वाड्यात तुळईला विनाकारण भोके आणि खाचा दिसल्या, तर ती तुळई कधीकाळी समुद्रावर असेल, असा संशय घ्यायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट आराखड्यांची. इंग्रजांच्या नौकांचे आराखडे कागदावर होते, म्हणून ‘जावा’बरोबर हरवले तरी ते पुन्हा पाठवता आले. आपल्या मेस्त्र्यांचा आराखडा डोक्यात आणि हातात असे. गुराब आणि गलबत या आपल्या मुख्य लढाऊ नौकांची जी वर्णने मिळतात त्यांत गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, नाळेकडे निमुळती होत पुढे झुकलेली, आणि त्या नाळेवरून पुढच्या दिशेने तोफा डागणारी अशी दिसते. गलबत लहान, हलके, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे. वारा पडला की गलबते गुराबांना ओढून शत्रूच्या पिछाडीला नेत, जिथे त्याच्या बाजूच्या तोफा पोहोचत नसत. लढाईची पद्धत यावरून समजते, पण वाकांची मापे समजत नाहीत. म्हणून कोणी ‘हुबेहूब मराठा गुराब’ बांधल्याचे सांगितले तर ती हुबेहूब कशावरून, हे विचारण्याचा आपला हक्क आहे. चांगल्या हेतूने बांधलेल्या प्रतिकृतीला माझा मुळीच विरोध नाही, उलट ती व्हावीच. फक्त तर्क कुठे संपतो आणि पुरावा कुठे सुरू होतो हे तिच्याशेजारी लिहिलेले असावे. भारतीय नौदलाने २०२५ मध्ये कारवार येथे सामील करून घेतलेली ‘कौंडिण्य’ ही दोरीने शिवलेली नौका याच वाटेने गेली. अजिंठ्याच्या चित्रातील पाचव्या शतकातील जहाज तिचा आधार आहे आणि बाकीचे ज्ञान फळ्या शिवणाऱ्या जिवंत कारागिरांकडून घेतले आहे.

आता कुठे जावे ते. मुंबईकडे गेलात तर बोरिवलीतील एकसर येथील वीरगळ आधी पाहा. शिलाहार आणि यादव यांच्या काळातील समुद्रयुद्ध त्या दगडांवर कोरलेले आहे. वल्ह्यांच्या ओळी, नाळेचा उंच उठाव, नौकेवर दाटीने उभे असलेले योद्धे स्पष्ट दिसतात. लाकूड गेले तरी दगडाने त्या नौकांचा आकार राखला. मुंबईची जुनी गोदी, जिथे ‘ट्रिंकोमाली’ बांधली गेली, ती आजही नौदलाच्या कामात आहे आणि सर्वसामान्यांना तिथे जाता येत नाही. तिच्याविषयी वाचूनच समाधान मानावे लागेल.

विजयदुर्गाला मात्र जरूर जा, आणि किल्ला पाहून परत फिरू नका. वाघोटनच्या खाडीत गिर्ये येथे मराठा आरमाराची खडक फोडून केलेली गोदी आहे. आता तिच्यात गाळ भरला आहे आणि बहुतेक पर्यटकांना तिची माहितीही नसते. पण भरतीला जहाज आत घ्यायचे, मग पाणी ओसरल्यावर कोरड्यात त्याचा तळ तासायचा, ही तिची कल्पना जागेवर उभे राहिले की लगेच कळते. जहाजाविना ती गोदी पाहणे म्हणजे रिकामा पाळणा पाहण्यासारखे आहे, तरी ती पाहावी. माझ्या मते आपल्या आरमाराची सर्वांत प्रामाणिक खूण तीच आहे. तिला कोणी नव्याने रंगवलेले नाही.

आणि ज्या बंदराजवळ आपण राहता तिथे एखादी लाकडी होडी अजून बांधली जात असेल, तर त्या मेस्त्रींकडे एक सकाळ जाऊन बसा. फायबरच्या होड्या आल्यापासून अशी ठिकाणे कमी होत चालली आहेत. वाकस, पटाशी, गिरमिट ही हत्यारे तिथे अजून कामात दिसतात आणि पठाण, वाक, नाळ, परबाण हे शब्द अजून तोंडी ऐकायला मिळतात. पहिल्या पत्रातील देवगडच्या भगिनींनाही हीच विनंती आहे. हार्टलपूलला सासरे जे बोलतील ते मुलीला मोबाइलवर ध्वनिमुद्रित करायला सांगा आणि घरी आल्यावर त्यांच्या शब्दांची यादी करून आमच्याकडे पाठवा. ती आम्ही आनंदाने छापू.

गिर्येच्या गोदीत उतरायचे असेल तर पंचांगात तिथी पाहून ओहोटीची वेळ धरून जा. कालवे चिकटलेल्या खडकांवर पाय कापतो, तेव्हा जाड तळाची पायताणे घाला आणि भरतीचे पाणी फिरण्यापूर्वी वर या.